धरून राहण्याचे शास्त्र : प्रस्तावना

माझे थोरले चुलतबंधू, ज्यांना आमच्या वाड्यात लहानथोर सारेच दादा म्हणत, त्यांच्या यकृतात गाठ असल्याचे आढळले आणि तिचा सुईने काढलेला नमुना तपासणीस गेला, त्यानंतर आठ-दहा दिवसांनी जो दोन पानी अहवाल उदगीरला आमच्या हाती पडला, त्याच्या दुसऱ्या पानावर, अनेक आद्याक्षरांच्या गर्दीत, 'सीडीएच-१७ : पॉझिटिव्ह' अशी एक ओळ होती. दादांचे सारे आयुष्य मोंढ्यात आडतीच्या व्यवसायात गेलेले. कागदावरील प्रत्येक नोंद उमगल्याखेरीज त्यावर सही करावयाची नाही हा त्यांचा दस्तूर. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून मला विचारले, "हे कशाचं नाव आहे रे?" मी तीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकविलेला मनुष्य; तरीही त्या क्षणी माझ्या जिभेवर आले ते केवळ 'एक प्रथिन आहे, दादा' एवढेच. ते उत्तर खोटे नव्हते, परंतु धान्याच्या पोत्यावर 'धान्य' असे लिहावे तसे ते निरुपयोगी होते. पूर्ण उत्तर मला इंग्रजीतून ठाऊक होते. मराठीतून ते कधी मनातल्या मनातही मांडून पाहिले नव्हते, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली आणि त्यानंतर ती मला स्वस्थ बसू देईना.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने जेव्हा अन्नमार्गातील पेशींना परस्परांशी जोडणाऱ्या प्रथिनांविषयी लिहिलेले प्रस्तुत पुस्तक माझ्यापुढे ठेविले व त्यास चार शब्द लिहून देण्याची विनंती केली, तेव्हा मी ती मान्य केली याचे खरे कारण दादांचा तो प्रश्न होय. प्रस्तावनेचे काम ग्रंथातील मजकुराची उजळणी करणे नव्हे; वाचकाला विषयाच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडावे आणि आत काय आहे याची खूण पटवावी, एवढीच तिची मर्यादा. ती सांभाळून हा विषय काय आहे, तो कसा उलगडत गेला आणि आपल्याला त्याचे अगत्य का असावे, हे मी माझ्या समजुतीप्रमाणे मांडतो.

मूळ प्रश्न इतका साधा आहे की तो बहुधा कोणी विचारीतच नाही. आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते; परंतु या पेशी वाऱ्यावर उडणाऱ्या भुशाप्रमाणे विखुरत का नाहीत, त्वचेची पेशी त्वचेतच आणि आतड्याची आतड्यातच का राहते, हे आपण गृहीत धरून चालतो. परिभाषेत याला पेशींचे 'आसंजन' म्हणतात. हा शब्द मला वर्ज्य नाही, परंतु आपल्या बोलीत त्याहून नेमका शब्दप्रयोग आहे, तो 'धरून राहणे' हा. आपण म्हणतो, घराला धरून राहावे, माणसांना धरून राहावे. आणि त्या म्हणण्यात चिकटून बसण्याचा अर्थ नसतो, तर आपण होऊन हात देण्याचा आणि प्रसंगी तो सोडता येण्याचाही अर्थ असतो. हा भेद या पुस्तकाच्या विषयाचा गाभा आहे.

उदगीरच्या माणसाला सांध्याची कल्पना समजावून द्यावयाची तर किल्ल्याकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. बहामनी, बरीदशाही, आदिलशाही, मोगलाई आणि निजामशाही असे एकामागून एक अंमल ज्याने पाहिले, ज्याच्या आश्रयाने उदागीर ऋषींची समाधी आहे, ज्याच्या भिंतींवर फारशी शिलालेख आहेत आणि ज्याच्या परिसरात १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला नमविले, त्या किल्ल्याचे दगड चुन्याने जोडलेले आहेत. चुना म्हणजे कॅल्शियमचे संयुग. आणि योगायोग असा की पेशींना परस्परांशी जोडणाऱ्या ज्या प्रथिनकुळाची येथे चर्चा आहे, त्याचे सारे सामर्थ्यही कॅल्शियमवरच अवलंबून आहे. त्या कुळाचे 'कॅडहेरिन' हे नावच कॅल्शियम आणि आसंजन या दोन शब्दांच्या संयोगाने घडविलेले आहे. मात्र दृष्टांत येथवरच चालतो. किल्ल्यात चुना दोन दगडांच्या मध्ये भरलेला असतो, तर येथे कॅल्शियम दोन पेशींच्या मध्ये असे भरलेले नसते; ते प्रत्येक पेशीने पुढे केलेल्या हाताच्या आत, त्याच्या पेऱ्यापेऱ्यांत असते, आणि त्याच्यामुळे तो हात ताठ राहतो. कॅल्शियम काढून घेतले की हात लुळा पडतो आणि मग समोरचा हात कितीही पुढे आला तरी पकड बसत नाही.

हे ज्ञान एकाएकी हाती आलेले नाही. १९०७ साली अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी समुद्रातील स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या, तेव्हा त्या पेशी हळूहळू एकत्र येऊन पुन्हा स्पंज घडवू लागल्या. १९५५ साली टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी उभयचर प्राण्यांच्या भ्रूणातील निरनिराळ्या थरांच्या पेशी एकमेकींत कालवून ठेविल्या, आणि त्यांनीही आपापल्या जातीची संगत शोधून पुन्हा वेगवेगळे थर मांडले. पेशी स्वजातीयांना ओळखतात हे सिद्ध झाले; परंतु त्या कशाने ओळखतात, हे गूढच राहिले.

त्या गूढाची किल्ली सापडली ती दोन प्रयोगशाळांच्या पद्धतींतील एका क्षुल्लक फरकातून. क्योटोचे संशोधक मासातोशी ताकेइची १९७०च्या दशकात काही काळ अमेरिकेत बाल्टिमोर येथील कार्नेगी संस्थेत काम करीत होते. पेशी सुट्या करण्यासाठी ट्रिप्सिन हे पाचक विकर वापरण्याचा प्रघात दोन्हीकडे होता. परंतु क्योटोमध्ये सुट्या केलेल्या पेशी तत्काळ पुन्हा जुळत, आणि बाल्टिमोरमध्ये त्या जुळेनात. दुसऱ्या कोणी हा दोष हाताचा किंवा काचपात्राचा मानून सोडून दिला असता. ताकेइचींनी शोध घेतला तेव्हा आढळले की बाल्टिमोरच्या ट्रिप्सिनमध्ये कॅल्शियम ओढून घेणारे ईडीटीए नावाचे द्रव्य मिसळलेले होते. कॅल्शियम असेपर्यंत पेशींच्या पृष्ठावरील कुठलेतरी प्रथिन ट्रिप्सिनलाही दाद देत नाही, आणि कॅल्शियम गेले की ते कापले जाते, असा याचा अर्थ होता. १९७७ साली त्यांनी कॅल्शियमावलंबी आसंजनाची स्वतंत्र यंत्रणा दाखवून दिली आणि १९८४ साली तिच्यातील प्रथिनाला कॅडहेरिन हे नाव मिळाले. त्याच सुमारास रॉल्फ केमलर उंदराच्या भ्रूणावर आणि जेराल्ड एडेलमन यांचे सहकारी कोंबडीच्या यकृतावर काम करीत निरनिराळ्या नावांनी त्याच प्रथिनापर्यंत पोहोचले होते. जे ट्रिप्सिन प्रयोगशाळेत पेशींची ताटातूट करते, तेच आपल्या लहान आतड्यात प्रत्येक जेवणानंतर वाहत असते, आणि तरीही आतड्याचे अस्तर उसवत नाही, ही गोष्ट वाचकाने येथे क्षणभर थांबून मनात घ्यावी.

या कुळातील सर्वांत प्रसिद्ध प्रथिन ई-कॅडहेरिन. त्याच्या पेशीबाहेरील हाताला पाच पेरे असतात, आणि लगतच्या दोन पेऱ्यांच्या सांध्यात तीन-तीन कॅल्शियम आयन बसलेले असतात. टोकाच्या पेऱ्यातील ट्रिप्टोफॅन नावाचा एक घटक समोरच्या पेशीच्या हातातील खोबणीत शिरतो, आणि तिकडचा तसाच घटक इकडच्या खोबणीत. दोघांनी एकाच वेळी परस्परांचे मनगट धरावे, तशी ही पकड. पेशीच्या आत या हाताचे मूळ कॅटेनिन नावाच्या प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्यातील ॲक्टिनच्या तंतूंना बांधलेले असते, म्हणून बाहेरचा ताण आतपर्यंत पोहोचतो. एकेक पकड दुर्बळ असते, सहज सुटते; हजारो मिळून बळकट होतात.

आता ही पकड आतड्यातच इतकी मोलाची का, हे पाहू. आमच्या वडीलधाऱ्यांनी निजामी अमलातील करोडगिरीचे नाके पाहिलेले होते, आणि आमचा तालुका तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात, पुढे उस्मानाबादेत आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात, असा हद्दी बदलत आलेला. तेव्हा हद्द ही केवळ अडविण्यासाठी नसते, माल तपासून आत घेण्यासाठीही असते, हे आम्हांला पुस्तकातून शिकावे लागत नाही. आतड्याचे अस्तर ही अशीच हद्द होय, आणि ती अवघ्या एका पेशीच्या जाडीची आहे. तिच्या एका बाजूला ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पाचक रस आणि कोट्यवधी जंतू. दुसऱ्या बाजूला रक्त. पोषक द्रव्य आत यावे आणि जंतू बाहेर राहावा, हे काम या एकपदरी हद्दीला अहोरात्र करावे लागते.

नाक्याचे नियम काळाप्रमाणे बदलतात, हे तर देवणी गाई पाळणाऱ्या आमच्या भागातील शेतकऱ्याला शास्त्रज्ञाच्याही आधीपासून ठाऊक आहे. वासरू जन्मले की त्याला चीक ताबडतोब पाजावा, उशीर करू नये, असे तो सांगतो. त्याचे कारण असे की नवजात वासराच्या आतड्यातील पेशी चिकातील रोगप्रतिबंधक प्रथिने अखंड गिळून रक्तात पोहोचवितात, आणि साधारण चोवीस तासांत ही मोकळीक बंद होते. मात्र या मोकळिकीच्या काळातही प्रथिने पेशींच्या पोटातून जातात. हद्दीला खिंडार पडलेले नसते.

याहूनही आश्चर्याची गोष्ट म्हणजे या नाक्यावरचे पहारेकरी चार-पाच दिवसांत जवळजवळ सगळे बदलतात. लहान आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावर बोटांसारखे असंख्य रसांकुर असतात. त्यांच्या पायथ्याच्या खळग्यांत नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि शेंड्यावर पोहोचल्या की अस्तरातून निघून जातात. प्रत्येक पेशी आपल्या शेजारणींना धरूनच वर चढते, आणि तिच्या निघून जाण्याच्या क्षणी दोन्हीकडच्या शेजारणी तिच्याखालून परस्परांचे हात धरतात, म्हणून हद्द एक पळभरही उघडी पडत नाही. किल्ल्याचा चुना एकदा धरला की शतके धरून राहतो, कारण दगडाला कोठे जावयाचे नसते. जिवंत सांध्याचे बळ मात्र धरता येण्यात जितके आहे तितकेच सोडता येण्यात आहे, आणि सुटलेला हात तत्क्षणी दुसऱ्याच्या हाती देता येण्यात आहे. या पुस्तकाची पाने वाचताना हे एक सूत्र हाती असले की बाकीचे सारे त्यात ओवता येते.

या हद्दीवर बंदोबस्ताचे अनेक पदर आहेत. पेशींच्या वरच्या कडेला घट्ट सांध्यांचा पट्टा, त्याखाली ई-कॅडहेरिनचा पट्टा, त्याखाली डेस्मोसोम नावाचे, गुंड्यांसारखे ठिकठिकाणचे बंध. आणि या सर्वांखेरीज पेशींच्या बाजूंवर सर्वत्र सारखे पसरलेले आणखी एक कॅडहेरिन, तेच दादांच्या अहवालातील सीडीएच-१७. ते १९९४ साली बर्लिनमधील संशोधकांनी वर्णिले. रॅट या उंदरासारख्या प्राण्याच्या यकृतात आणि आतड्यात ते आढळल्यामुळे त्यास 'यकृत-आंत्र कॅडहेरिन' असे नाव पडले. त्याच वर्षी अमेरिकेत मानवी आतड्यातील पेप्टाइडांच्या वहनाचा अभ्यास करणाऱ्यांनाही तेच प्रथिन निराळ्या वाटेने भेटले. त्याच्या हाताला पाच नव्हे, सात पेरे आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या पेऱ्यामधील सांधा कॅल्शियमविना आहे. पेशीच्या आतील त्याचे शेपूट अगदी आखूड असून ते कॅटेनिनांना बांधलेले नसते. नावात यकृत असले तरी निरोगी माणसाच्या यकृतात ते सापडत नाही. त्याचे घर आतडे. नाव रॅटवरून पडले आणि माणसाला चिकटले, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे, कारण याच विसंगतीत त्या अहवालाचा अर्थ दडलेला होता.

सांधा बिघडला म्हणजे काय होते, याची तीन उदाहरणे मी येथे देतो. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या जठराच्या कर्करोगाने माणसे दगावत होती, कित्येक तर ऐन तारुण्यात. ओटागो विद्यापीठाच्या पॅरी गिलफर्ड यांनी त्या कुटुंबाच्या सहकार्याने शोध घेतला आणि १९९८ साली दाखविले की ई-कॅडहेरिनच्या जनुकातील दोष त्या घराण्यात वारशाने चालत आला आहे. या रोगात जठराच्या पेशींची परस्परांवरील पकड सुटते आणि त्या एकेकट्या भिंतीत भटकू लागतात; म्हणून गाठ दिसण्यापूर्वीच रोग पसरलेला असतो. आज अशा कुटुंबांतील माणसांची जनुकपरीक्षा करून, गरज तेथे रोग दिसण्याआधीच जठर काढून, जीव वाचविता येतात. दुसरे उदाहरण लिस्टेरिया या जंतूचे, जो न तापविलेल्या दुधातूनही पोटात जाऊ शकतो. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पास्काल कोसार आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखविले की हा जंतू आपल्याजवळील प्रथिनाने ई-कॅडहेरिनचाच हात धरतो. रसांकुराच्या शेंड्यावर म्हातारी पेशी निघून जाताना, हद्द उघडी न पडताही, जे हात क्षणभर उघड्यावर येतात, तेच त्याचा चोरदरवाजा.

तिसरे उदाहरण दादांचे. यकृतातील गाठीच्या पेशींवर आतड्याचे प्रथिन सापडले, याचा अर्थ, इतर खुणांशी ताडून पाहता, ती गाठ यकृतात जन्मलेली नव्हती. आतड्यातून निघालेल्या पेशींनी तेथे मुक्काम ठोकला होता. सीमेवरच्या आमच्या गावात माणूस कोठून आला हे त्याच्या बोलीवरून ओळखतात. तो मराठी बोलत असला तरी कानडीचा किंवा तेलुगूचा हेल त्याचा मुलूख सांगून जातो. पेशीही सहसा आपल्या जन्मभूमीचा हेल सोडीत नाही, आणि विकृतितज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली तोच ऐकत असतो. मूळ कोठले हे कळल्यावाचून औषधाची दिशा ठरत नाही. म्हणून ती एक ओळ अहवालातील सर्वांत कामाची ओळ होती.

हे सारे परदेशातच घडले असे मात्र कोणी समजू नये. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, आणि भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो त्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या पुढाकाराने १९५२ साली तेथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली, नंतर बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पेशी शरीराबाहेर जगविण्याचे तंत्र आत्मसात केले आणि परत येऊन मुंबईत देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. ज्या नगरात पुढे ताकेइचींना ट्रिप्सिनचे कोडे पडले, त्याच नगरातून पाव शतक आधी एक मराठी स्त्री ते तंत्र आपल्याकडे घेऊन आली होती, आणि त्याच बाई पुढे अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाच्या अभ्यासात रमल्या, याचे स्मरण मला नेहमी बळ देते. खानोलकरांच्या त्या केंद्राची परंपरा आज खारघर येथील ॲक्ट्रेक या संस्थेत चालू आहे. तेथील सोराब दलाल यांच्या गटाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींतून डेस्मोसोममधील प्लाकोफिलिन-३ हे प्रथिन कमी केले असता त्यांची परस्परांवरील पकड घटते आणि त्यांची दूर पसरण्याची शक्ती वाढते, असे दाखविले. म्हणजे आतड्याचा सांधा हा विषय महाराष्ट्राच्या भूमीवर अभ्यासला जात आहे. तो मराठीत लिहिला जाणे एवढेच बाकी होते.

उपचारांच्या दृष्टीने एक आशेची वाट अलीकडे दिसू लागली आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी सीडीएच-१७ ओळखणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी घडविल्या आणि २०२२ साली त्यांनी असे प्रसिद्ध केले की या पेशी उंदरांतील गाठी नष्ट करतात, परंतु निरोगी आतड्याला इजा करीत नाहीत. त्यांनी दिलेले कारण मननीय आहे : निरोगी आतड्यात हे प्रथिन दोन शेजारणींच्या सांध्यात, त्यांच्या हातांत हात गुंतलेले असताना झाकलेले असते, कर्करोगाच्या गाठीत सांध्यांची शिस्त मोडल्यामुळे ते उघडे पडते आणि मारेकऱ्याच्या नजरेस येते. प्रथिन तेच, जो हात शेजारणीच्या हातात आहे तो सुरक्षित, जो मोकळा लोंबतो तो धोक्यात. माणसांवर हे कितपत साधेल ते पुढील वर्षे ठरवितील, परंतु विचाराची दिशा याच पुस्तकाच्या सूत्रातून निघालेली आहे.

लेखकाने भाषेबाबत जे धोरण ठेविले आहे त्यास माझी मनःपूर्वक अनुमती आहे. कॅडहेरिन, कॅटेनिन ही नावे त्याने जशीच्या तशी ठेविली, कारण नावाचे भाषांतर केल्याने अर्थ वाढत नाही. परंतु त्या नावांमागील व्यापार सांगताना सांधा, पकड, पेरे, हद्द, चीक असे घरातले शब्द निःसंकोच वापरले. जिल्ह्याच्या गावी प्रयोगशाळेत काचपट्ट्या रंगविणारा तरुण, अहवाल हातात घेऊन बाकावर बसलेली मुलगी, पशुवैद्यक महाविद्यालयातील विद्यार्थी, या सर्वांच्या हाती हे पुस्तक जावे आणि त्यांना कोणाही समोर मान खाली घालण्याची पाळी येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

दादा आता नाहीत. त्यांच्या प्रश्नाला मी देऊ शकलो नाही ते उत्तर या पुस्तकामुळे आज एका वाक्यात देता येते, आणि मोंढ्यातील कोणाही माणसाला ते समजेल : दादा, आपल्या आतड्यातल्या पेशी एकमेकींना ज्या हातानं धरून असतात, त्या हाताचं हे नाव आहे.

उदगीर
गुढीपाडवा